धातूचे दात

एकाच आठवड्यात दोघांनी मला एकच प्रश्न विचारला.
मंगळवारी टिळकनगरात डॉक्टर रिसबुडांनी,
माझा जबडा उघडा ठेवून:
कॅप धातूची बसवू की सिरॅमिकची?
आणि शुक्रवारी जेल रोडवर मुर्तझाभाईंनी,
काचेवर तीन डब्या मांडत:
गिअर प्लास्टिकचे चालतील, भिया, की मेटलचे?

अकरा वर्षांनी गाडी माळ्यावरून काढली होती.
टायर एका बाजूला बसके,
बॅटरी पुरीसारखी टम्म,
बॉडीवर सात नंबर अजून शाबूत.
चाकं डावीकडे वळली ती वळलीच.
जुना सर्व्हो उघडला तर आतून
तीन पांढरे दाते तळहातावर पडले,
दुधाचे असावेत इतके लहान.
कोण जाणे का, फेकवले नाहीत.

पहिला साडेचारशेचा. अंगावर छापलेलं: वीस किलो.
दुसरा चौदाशेचा. छापलेलं: पंधरा.
तिसरा अकरा हजारांचा.
त्याला त्यांनी हात लावू दिला, एवढंच.
अकरा हजार म्हणजे मुक्ताच्या होस्टेलची मेस,
चार महिने, रविवारच्या गोडासकट.
पहिले दोन घेतले,
एक परत करीन या बोलीवर.

रात्री ओट्याच्या कडेला सर्व्हो शिकंज्यात धरला,
पाच सेंटीमीटरची पट्टी, टोकाला तार.
वृंदा काही न विचारता
एकेक किलोची पाकिटं हातात देत गेली.
साडेचारशेच्या बहाद्दराने तूरडाळ उचलली,
साबुदाणा लावल्यावर कण्हला,
पोह्यांना जागच्या जागी थरथरला
आणि स्वयंपाकघरभर जळका वास.
"वीस म्हणे," वृंदा म्हणाली,
"स्थळाच्या बायोडाट्यात असंच लिहितात."
चौदाशेच्याने तिन्ही उचलली.
गुळाला नाही म्हणाला.
पंधरा म्हणजे पंधरा.

पण मला ताकद तेवढी नको होती.
ती झोपल्यावर दिवा कमी करून
मी तो चाकांना जोडला.
उजवीकडे. सोडला.
डावीकडे. सोडला.
पुन्हा पुन्हा तेच,
पेन्सिलीने मारलेल्या एका रेषेकडे बघत:
तिथंच येतो का?
येत होता. एका केसाचा फरक,
आणि मध्यावर उभा राहिला की डासासारखं गुणगुणणं.
तेवढं चालेल.
आमच्या घरात कुणीच गुपचूप उभं राहत नाही.

पौषात लग्नं नसतात,
म्हणून बायपासच्या मॅरेज गार्डनची फरशी रविवारी आमची.
नवरानवरीच्या सोनेरी खुर्च्या
एकीवर एक रचून प्लास्टिकखाली.
मुलं वीस-बावीसची, रिमोट हातात नाही, जणू हातालाच फुटलेले.
मी पहिल्याच वळणावर उशिरा वळलो.
सर्व्होचा वेग डबीवर होता,
सेकंदाचा सातवा हिस्सा.
माझ्या बोटाचा कुठल्याच डबीवर छापलेला नव्हता.
गाडी स्टेजच्या पायरीवर धाडकन.

उचलली. चाकं फिरवली.
उजवी. डावी. मध्य.
दाते जागेवर.
"अंकल, सर्व्हो कौनसा?" एका पोराने विचारलं.
मी नुसती किंमत सांगितली आणि हसलो,
मागची नवी कॅप उन्हात चमकली असेल,
कारण ते पोर क्षणभर माझ्या तोंडाकडेच बघत राहिलं.
शेवटून दुसरा आलो.

सोमवारी साडेचारशेचा परत द्यायला गेलो.
मुर्तझाभाईंनी तो नाकाशी धरला,
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
आणि होता तसा माझ्या हातात ठेवला.
"काय उचलायला लावलंत?"
पोहे, मी म्हणालो.