सुपातली

रात्री दहानंतर नेट जरा बरं चालतं.
'किंमत : कमीकडून जास्तीकडे' असं लावून घेते
आणि बोटानं वर सारत जाते
बाळामागून बाळ.

साडेतीनशेची नको. डोळे बटणाचे,
हसणं छापलेलं.
आठशेच्या बाहुलीला जावळ आहे, पण टाळूच नाही.
हाताखालून गेलेली पोरं मी मोजली नाहीत कधी,
पण ती लपलप करणारी जागा
झोपेतसुद्धा दाखवीन.
चौदाशे नव्व्याण्णवची मला थांबवते.
तळपायाला सुरकुत्या. नखांना पांढरी कड.
डाव्या पापणीवर जन्माचा लालसर डाग,
पोरांचा तो वर्षभरात जातो,
हिचा जायचा नाही.

सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात वर,
अठ्ठावीस हजारांची एक निजली आहे.
एकेक केस सुईनं रोवलेला, म्हणतात.
तिला मी नुसती बघून येते,
फैजपूरच्या सराफाकडे जावं तशी,
पाणी पिऊन, काही न घेता.

मानधन तीन महिन्यांचं एकदम आलं.
किराणा, गॅस, धाकट्याची फी, भिशी.
उरलं ते नेमकं तिच्या मापाचं उरलं.
घरी म्हणाले,
"दिवसभर पोरं तोलून मन भरत नाही का तुझं?"
भरतं की.
पण तोललेलं पोर परत द्यावं लागतं,
आणि कमी भरलं तर
आईच्या तोंडाकडे न बघता लिहावं लागतं.

खोकं घेऊन आला त्या पोराचा शर्ट
केळीच्या चिकानं काळा पडलेला.
सकाळी कापणीला, दुपारी पार्सलं.
गुलाबाईच्या खाऊचा डबा हलवावा
तसं त्यानं कानाशी धरून हलवलं.
ओळख, म्हटलं.
"मिक्सर?"

केंद्रातच उघडलं, पोरं घरी गेल्यावर.
चेहरा खरा. ओठ आत्ताच दूध सुटल्यासारखे.
उचलली मात्र, हात फसला :
भरताचं वांगं उचलावं तशी वर आली.
वांगं हलकं तेवढं चांगलं, बी कमी निघतं.
बाळाचं तसं नसतं.

सवयीनं झोळीत घातली, काटा थांबू दिला.
नऊशे चाळीस ग्रॅम.
तक्त्यावर लाल पट्ट्याच्याही खाली,
जिथे रेघा सुरूच होत नाहीत.
परत पाठवायला सात दिवस होते.
कारण निवडा : रंग वेगळा. माप चुकलं. आवडलं नाही.
कमी वजन
त्यांच्या यादीत नव्हतं.

सुपडाबाई खिचडीचं पातेलं घासून आली,
पदराला हात पुसत.
"केवढ्याले पडली?"
सांगितलं. हसेल असं वाटलं.
"महाग पडली माय. मी सव्वा पायली ज्वारीत आली व्हती."

तिच्या आधीची तीन राहिली नव्हती.
म्हणून हिला सुपात घातलं,
ओढत उंबऱ्याबाहेर नेलं,
सुईणीला देऊन टाकलं,
आणि ज्वारी मोजून परत विकत घेतलं,
दुसऱ्याचं पोर म्हणून,
स्वस्तातलं म्हणून,
घेऊन जाणाऱ्याचं लक्ष जाऊ नये म्हणून.
"बासष्ट वरीस झाले," ती म्हणाली,
"आजून कोनी मांगाले आलं नाही."

पाठीची शिवण तिनंच उसवली.
तापीची वाळू, तीन पाण्यांनी धुतलेली,
पत्र्यावर दोन दिवस वाळवलेली,
धाकट्याच्या जुन्या मोज्यांतून भरली :
बरीचशी बुडात, मूठभर डोक्यात,
मान धरावी लागेल एवढी.
काटा. परत वाळू. परत काटा.
दोन किलो आठशे.
पहिलटकरणीचं, त्या मानानं बरंच.

नोंद करायला रकाना नव्हता.
रजिस्टरच्या मागच्या पानावर
पेन्सिलीनं तारीख तेवढी लिहिली.

झोळीतून काढताना सुपडाबाईचा हात
कुणी न सांगता मानेखाली गेला.
मग कुलूप लावता लावता ती म्हणाली,
"सकायी सूप आनते घरून."