कुठे नाखायचं

नववीत यंदा अकराच मुलं.
फळा मात्र चाळिसांच्या काळातला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
म्हणून सृष्टीचे पाच रकाने ऐसपैस मावतात:
मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी.
कालच बजावलं होतं, घरून काहीतरी आणा.

पंक्ती दिघेनं दह्याची वाटी आणली,
झाकण निघून तिचं दप्तर वाटेतच मोनेरात गेलेलं.
कुणी बुरशी धरलेला पाव,
कुणी कमाटीबागेतली वडाची पारंबी;
माळ्यानं हटकलं तर म्हणे सायन्सचं आहे.
विश्वामित्रीतली मगर कुणालाच आणता आली नाही,
पण पुराच्या वर्षी ती आमच्याच सोसायटीत आली होती
असं चौघांनी चार सोसायट्यांची नावं घेऊन सांगितलं.
प्राण्यांचा रकाना तेवढ्यावर भरला.

प्रोटिस्टा रिकामा.
तिथे मीच सूरसागरचं पाणी आणलं होतं बाटलीतून.
काच दोनदा पुसून विचारलं, दिसतंय का?
सगळे हो म्हणाले.
कुणालाच काही दिसलेलं नव्हतं, मलाही.

मग ओजस खानविलकर उठला.
मुठीत कागदाची पुडी, वर्गभर मसाल्याचा वास.
"मॅडम, हे कुठे नाखायचं?"

नाखायचं नाही रे, टाकायचं.
अठरा वर्षं हे वाक्य माझ्या जिभेवर तयार असतं,
खडूच्या आधी तेच हातात येतं.

पुडीत दगडफूल.
चुरगळलेलं, करडं, आतून काळं.
"मम्मीनं दिलं. ती आमटीत नाखते.
पप्पा म्हणतात बाकी बरोबर आहे, गूळ तेवढा नडियादचा."

मी सांगू लागले:
यात बुरशी घर बांधते आणि शेवाळ रांधतं.
दोघांना वेगळं काढलं
तर बुरशी हाती लागते, शेवाळही लागतं,
दगडफूल लागत नाही.
शेवाळाचंही एक मत नाही,
कुणी त्याला प्रोटिस्टात बसवतं, कुणी वनस्पतींत.
सांगता सांगता माझाच खडू
कवकांच्या रेषेवर अडकला,
जरा दाबला गेला आणि मोडला.

ओजस पुडी धरून उभाच.

"इथे नाख," मी म्हटलं,
रेषेवर बोट ठेवून.
कुणी हसलं नाही.
कुणाच्या लक्षातही आलं नसावं.

फक्त पंक्तीनं, दह्याचं दप्तर पुसता पुसता, विचारलं:
"पेपरात काय लिहायचं?"

पेपरात कवके.
एक मार्क.