राहिलेली वर्षं

खिडकीवर त्र्याऐंशी नंबर चालू आहे.
माझा एकशे सहा. ही तिसरी खेप.
आईच्या मांडीवर एका सराफाच्या नावाची पिशवी,
त्या दुकानाची पायरी आम्ही चढलेलो नाही,
आणि पिशवीत माझ्या अठरा वर्षांच्या झेरॉक्स:
महापालिकेच्या दवाखान्यातला जन्म,
पोलिओचं कार्ड, डाळीच्या डागासकट रेशनकार्ड,
श्रमिकनगरची लाईट बिलं, तीही घरमालकाच्या नावाची,
कारण भाडेकरार मागितला तेव्हा गायखेकाका म्हणाले होते,
"वहिनी, आपल्यात कागद कशाला?"

कॉलेज गंगापूर रोडला.
आमच्या खोलीपासून शेअर रिक्षानं वीस मिनिटं.
फीच्या तक्त्यात दोन रकाने आहेत:
राज्यातल्यांना एकेचाळीस हजार,
बाहेरच्यांना एक लाख अठरा.
मधल्या रेघेवर मी बोट ठेवून पाहिलं.
पुसट होती. शाई संपत आली असावी.

खिडकीतल्या मॅडम वाईट नाहीत.
मागच्या खेपेला चष्मा कपाळावर ढकलून
त्यांनी सगळं वाचलं, अगदी पोलिओसुद्धा,
आणि एका कागदाशी थांबल्या.
"दहावी वापीची?"
आठवी, नववी, दहावी.
सातपूरची कंपनी बंद पडली,
बाबांना तिकडं रंगाच्या कारखान्यात काम लागलं.
"मग सलग नाही ना."
मी म्हटलं, आधीची तेरा, नंतरची दोन,
पंधरा भरतात की.
"बेरीज नको," त्या म्हणाल्या, "सलग हवीत."

तेव्हा आई बोलली. तिला असं बोलायची सवय नाही.
"वापीत आम्ही दमणगंगेचं पाणी प्यायलो.
ती आपल्या दिंडोरीतनंच निघती,
माझ्या माहेराच्या अंगानं.
तीन वर्षं पोरगी पाणी इथलंच प्याली."
रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.
मॅडम हसल्या नाहीत.
"नदीचा दाखला चालत नाही, मावशी. शाळेचा आणा."

मला एक पुरावा आठवतो, पण त्याची झेरॉक्स निघत नाही.
नऊ वर्षांची असताना कुंभात हरवले होते,
रामकुंडाजवळ, भगव्या छाट्यांच्या गर्दीत.
पोलिसांनी खुर्चीवर बसवून बिस्किट दिलं
आणि भोंग्यावरून सगळ्या गोदाघाटाला सांगितलं:
हर्षाली पुंडलिक खांडबहाले,
राहणार श्रमिकनगर, सातपूर, नाशिक.
लाखो लोकांनी ऐकलं.
कुणी म्हणालं नाही, सलग आहे का.

बाबा अजून वापीतच आहेत.
नखं निळी झालीत, साबणानं जात नाहीत.
तिथं त्यांना नावानं कुणी ओळखत नाही,
नाशिकवाला म्हणतात.
रात्री नऊला फोन येतो: झालं का काम?
मी सांगते, थोडं राहिलंय.

राहिलंय.
केवढा लबाड शब्द आहे हा.
त्या गावात आम्ही तीन वर्षं राहिलो
आणि इथली तेवढीच राहून गेली.

एकशे चार.
आई पिशवी उघडून पुन्हा कागद लावतेय,
बिलं खाली, जन्म वर,
मग जन्म खाली.
नवा अर्ज माझ्या गुडघ्यावर.
नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं.
पुढं छापलंय, राहणार,
आणि दोन टिंबं.
हा पत्ता विचारतात की पुढचं?

एकशे पाच नंबरचा माणूस हजर नाही.
आई उठलीसुद्धा.
मी उभ्यानंच लिहिते,
अक्षर बिघडतं.