एक ळ

तीस वर्षं लोकांच्या पत्रिका छापतोय,
शाहूपुरीत, चौथ्या गल्लीत.
गणपतीचे ब्लॉक सतरा, त्यातल्या एकाची सोंड झिजलेली,
तो घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला.
'आपले विनीत' म्हणून इतक्या काकांची नावं जुळवली
की झोपेतही बोटं उलट्या अक्षरांवरून फिरतात.

केतकी म्हणाली, पप्पा, माझी ऑफसेटवर नको.
मागच्या खोलीतल्या ट्रेडलवर काढा.
ऐंशी माणसं, ऐंशी पत्रिका.
सोनेरी काही नको, वेलबुट्टी नको,
आणि 'आमच्या माऊच्या लग्नाला यायचं हं' तर नकोच नको.

ऐंशी?
माझा मेहुणा भाऊसाहेब उभ्याचा बसला.
"अरे, नुसती आपली तालीमच दोनशे हाय!
ताटं मोजून जेवण घालतोस व्हय कोल्हापुरात?"
जाताना दोनशे नावांची यादी टेबलावर ठेवून गेला,
वर पेपरवेट ठेवून.

ट्रेडलला तेल घातलं. केस उघडली. खिळे पुसले.
ळ-च्या खणात एकच खिळा.
बाकीचे किलोवर गेले असणार,
मीच विकले असणार, कुठल्यातरी दिवाळीला.

एका ळ-वर या गावात लग्न कसं करायचं?
स्थळ लिहिता येत नाही, वेळ लिहिता येत नाही.
सकाळ नाही, संध्याकाळ नाही.
मंगळवार पेठेतल्या आत्याचा पत्ता नाही.
रंकाळा, पन्हाळा, मिसळ, गूळ,
ळ काढला तर कोल्हापूरचं उरतं काय? शिव्या?
त्यातल्याही काही अडतील.

पोरगी हसली. स्टूल ओढून बसली.
संग्रामला फोन लावला. तो प्रयाग चिखलीत, गुऱ्हाळावर.
लग्न तिथंच आहे, काहिलीच्या शेजारी,
चिपाडं सारून केलेल्या अंगणात,
डीजे नाही, एक हलगी, एक घुमकं.
रात्री दीडपर्यंत तिघं शब्द शोधत होतो.

'स्थळ' गेलं, 'कुठे' आलं.
'वेळ' गेली, 'केव्हा' आलं.
'सायंकाळी' अडलं. केतकी म्हणाली, 'दिवस कलताना'.
'गुऱ्हाळ' अडलं. फोनवरून तो म्हणाला,
"लिहा की मामा, जिथे रस आटतो तिथे."
(अजून मामाच म्हणतो. म्हणू दे.)
शेवटची ओळ दोघांनी मिळून केली :
'आहेर आणू नका. जाताना हात पुढे करा,
गरम आणि गोड काही देऊ.'

तीस वर्षांत मी असं काही छापलं नव्हतं.
कुणी मागितलंच नव्हतं.

मग हा एक ळ?
"तो ठेवा," केतकी म्हणाली, "आईला लागेल."

बकुळा.
आमची पत्रिका सासऱ्यांनी गडहिंग्लजला छापली होती.
त्यानंतर प्रत्येक कागदावर ती 'सौ. व श्री.' मधली सौ.,
आणि ते कागद माझेच, शाई माझीच.
तिचं नाव मी आजवर जुळवलेलंच नव्हतं.
चिमट्यात धरून बघितला,
उलटा काय, सुलटा काय, जवळजवळ सारखाच दिसतो.
ब, कु, मग तो, मग काना.
'बकुळा आणि हिंदुराव यांची केतकी.'
माझं नाव दुसरं आलं. ओळ तरीही सरळ बसली.

पहिलं प्रूफ तिला दाखवलं.
कणकेचे हात साडीला पुसले, चष्मा शोधला,
दोनदा वाचलं. मला वाटलं आता रडते.
म्हणाली, "माझा ळ फिका उठलाय."

खरं होतं. झिजलेला खिळा, बाकीच्यांपेक्षा केसभर बुटका.
खाली काहीतरी लावून उचलायला पाहिजे.
हाताशी भाऊसाहेबाची यादी होती.
कोपरा फाडला, घडी केली, ळ-खाली सरकवला
आणि पाय दाबला.