मोठा पट्टा

नेहमीचा पट्टा माझ्या दंडाला पुरत नाही.
वेल्क्रो कर्रकन सुटतो
आणि कॅरिस म्हणते, थांब हं, मोठा आणते.
तिच्या आवाजात काहीच नसतं,
मीच त्यात शोधत बसते.

भिंतीवरच्या चित्रात गरोदर बाया,
सगळ्या सडपातळ,
बारीक फांदीला पपनस लागल्यासारख्या.
माझ्या फाइलीत पहिल्याच पानावर एकोणचाळीस.
ते वय नाही. वय तेहतीस.

स्वान्सीच्या खाडीवरचा वारा खिडकी खडखडवतो.
तीन खोल्या पालथ्या घालून पट्टा येतो,
तोवर माझं काळीज कानात वाजू लागलेलं.
एकशे अठ्ठेचाळीस, चौऱ्याण्णव.
यातले लाजेचे किती,
ते यंत्र सांगत नाही.

आई फोनवर म्हणते, दोन जिवांची तू, दोघांचं खा.
हीच आई.
बारा वर्षांची होते तेव्हा
माझ्या ताटातली तिसरी पोळी उचलून
तिनं दादाच्या ताटात ठेवली होती,
पाहुण्यांदेखत.

रोज रात्री ॲस्पिरिन.
रोज सकाळी लघवीत बुडवलेली पट्टी,
पिवळी राहा गं, पिवळी राहा.
चौतिसाव्या आठवड्यात ती हिरवी झाली.
बोटातली अंगठी साबणानंही निघेना.
डोळ्यांपुढे काजवे;
काजव्यांना इंग्रजीत शब्द आहे, येतो मला,
पण तेव्हा आला नाही.
दिवे, म्हणाले मी फोनवर, दिवे दिसतायत.
कॅरिसला तेवढं पुरलं.

मग शिरेतून मॅग्नेशियम,
अंगात कुणी भट्टी लावावी तसं.
दर तासाला एक पोरगेला डॉक्टर
गुडघ्यावर हातोडी मारून बघायचा
पाय उडतो का.
निरंजन उशाशी उभा, माझी चप्पल हातात धरून,
ती कुठे ठेवायची हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलगी. एक किलो आठशे नव्वद.

दुसऱ्या दिवशी व्हीलचेअरवरून तिच्या काचेपाशी गेले.
नर्स तिच्या पोटरीला पट्टा गुंडाळत होती,
माझ्या करंगळीएवढा रुंद,
तोही ढिला पडत होता.
नेहमीचा हिला होत नाही, ती म्हणाली,
थांब हं,
आणि खण उघडून
त्याहून लहान शोधू लागली.