जसे आहे तसे

रात्री पावणेतीनला मी त्याला लिहिलं:
"तक्रार क्रमांक चारशे बारा. तीन महिने झाले.
भरतीची वेळ अकरा मिनिटांनी चुकते आहे.
आमचं बंदर यावर चालतं. काही गांभीर्य आहे की नाही?"
एक प्रश्नचिन्ह पुरेना,
म्हणून आणखी दोन ठोकली.

बाहेर सेंट जॉनच्या धक्क्यावर
कागदाच्या लगद्याचं एक जहाज ताटकळलं होतं,
माझ्यावर ओरडायला माझा साहेब होता,
आणि मलाही ओरडायला कुणीतरी हवं होतं.

पैसे? छे.
त्या प्रोग्रॅमसाठी आम्ही कधी छदाम मोजला नव्हता.
सोबत एक मजकूर येतो, तो कुणी वाचत नाही:
जसे आहे तसे घ्यावे. कसलीही हमी नाही.
मी तो बोटाने वर सरकवत, सरकवत
"मान्य" दाबून मोकळा झालो होतो.
पीठ आयतं, रेघोट्या मात्र
आपल्या मनासारख्या उमटायला हव्यात.

चौथ्या दिवशी उत्तर आलं:
"रविवारी बघतो. शाळेचा बॉयलर बंद पडलाय.
तेओफील."

बॉयलर!
मी ते ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं.
सगळे हसले.

मे महिन्यात फेरीबोटीने पलीकडे डिग्बीला गेलो,
बहिणीचं शिलाईचं मशीन आणायला.
ओहोटी होती.
फंडीच्या आखातातलं पाणी जातं तेव्हा
तीन मजली इमारत उठून चालू लागावी तसं जातं.
बोटी तळाच्या गाळावर कलंडलेल्या,
दाराबाहेर काढलेल्या चपलांसारख्या.

खाली खांबाशी एक साठीचा माणूस,
गुडघ्यापर्यंत गाळात, बाहीने शेवाळ पुसत
खांबावरच्या खुणा वाचत होता.
वर पाहून ओरडला:
"दहा मिनिटं आहेत का? टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नाही.
धरणारी पोरगी शिकायला हॅलिफॅक्सला गेली."

शिडीच्या एकतीस पायऱ्या, सगळ्या बुळबुळीत.
माझे बूट ऑफिसचे.

"ताठ धरा. अजून ताठ."
मग, पेन्सिल ओली करत, सहज:
"माझा एक छोटासा प्रोग्रॅम आहे.
वडिलांच्या शिंपल्यांच्या बोटीसाठी लिहिला होता.
तळ सरकला की गणित सरकतं.
हिवाळ्यात पलीकडचा एकजण फार चिडला होता."

मी टेपकडे पाहत राहिलो.

"बरोबर होता तो," तेओफील म्हणाला.
"मिनिटं अकराच होती. मोजून पाहिली मी."

किती लोक वापरतात, मी विचारलं,
जणू मला ठाऊकच नव्हतं.
"कुणास ठाऊक. नीट चाललं की कुणी लिहीत नाही."

पाणी परतू लागलं होतं,
आवाज न करता, घोट्यांपर्यंत.
आम्ही वर चढलो.
त्याने माझं नाव विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
मशीन तसंच राहिलं; परतीची बोट कशीबशी गाठली.

नंतर आमच्या बाजूच्या खांबाचं माप
मी घ्यायचं ठरवलं, महिन्यातून एकदा.
मेमध्ये पाठवलं, टेपचं एक टोक खिळ्याला बांधून.
माफी मागायची होती; आकडा पाठवला.
उत्तर आलं: "मिळाला."
जूनमध्येही पाठवलं.
जुलैत सुट्टीवर होतो.
ऑगस्टात पाऊस होता, म्हणजे तसा फार नव्हता.
सप्टेंबरचं काही कारण नाही.
रबरी बूट गाडीच्या डिकीत आहेत,
किंमतीची चिठ्ठी अजून एकाच्या तळव्याला.

तो आठवण करत नाही.

काल त्याचा तक्ता उघडून पाहिला.
चारशे बारा अजून तिथेच आहे, माझ्या नावासकट,
तिन्ही प्रश्नचिन्हांसकट,
खाली त्याचं वाक्य: "दुरुस्त झालं. कळवल्याबद्दल आभार."
आणि सेंट जॉनच्या रकान्यात, जूनच्या पुढे,
प्रत्येक महिन्यासमोर एक आडवी रेघ.
गणिताला त्याने शिकवलं आहे
तिथे न अडखळता पुढे जायला.