चरातल्या बाटल्या

आमच्या घरापुढे दगडी रस्ता संपतो.
पावणेदोन किलोमीटर, पावाएवढाले दगड,
फटींत चिखल, नाहीतर ट्रॉलीतून सांडलेलं बीट.
एप्रिलमध्ये शर्यत जाते. तीन मिनिटांत गेलीसुद्धा.
मग मी रबरी बूट चढवते आणि चर बघायला निघते.

अठ्ठावीस वर्षांत एक पिंप भरलं.
निळ्या, गुलाबी,
एक कधीच बुडालेल्या बँकेच्या नावाची.
काहींत गोड पाणी उरलेलं,
एकीत थंड चहा, लिंबासकट.
वळणावर जास्त मिळतात असं लोक सांगतात.
खोटं आहे.
जास्त मिळतात पहिल्या दोनशे पावलांत,
जिथे माणसाला वाटतं, छे, एवढं काही नाही.

यंदा, त्रेसष्टाव्या वर्षी, मीच सायकल घेतली.
भाची लीझलॉटची उतरलेली, रोडची, बुटक्या चौकटीची.
चौकटीवर दोन बोल्ट, त्यांना काहीच लटकलेलं नाही.

वान्नसच्या दुकानात भिंतभर पिंजरे.
त्यांना पिंजरेच म्हणते मी;
दार नाही, छप्पर नाही,
आत राहायचं ते आपल्या मर्जीने.
"तोलून बघ, गोडलीव्ह," तो म्हणाला. "कार्बन. अठरा ग्रॅम."
तोलला. मटाराची सोललेली शेंग.
मी पिशवीतून माझी बाटली काढली, बसवली,
पिंजरा उलटा करून दोनदा झटकला.
बाटली त्याच्या कॉफीत.
"ही कुठून आणलीस?"
"चरातून."
मग तो जरा सरळ उभा राहिला.

प्लास्टिकचा धरतो, पण थंडीत तडकतो.
अॅल्युमिनियमचा बाटलीला काळं फासतो.
आणि बुटक्या चौकटीत बाटली वर ओढायला जागाच नाही,
बाजूने उघडणारा हवा.
"कुठल्या हाताने पितेस?"
त्रेसष्ट वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि बघितले.
उजवा अंगठा चिकोरीच्या कारखान्याने घेतला,
एकतीस हिवाळे, खोक्यात मुळं दाबून दाबून.
"डाव्या," मी म्हटलं.

डाव्या हाताचा, स्टीलचा, एकाहत्तर ग्रॅम.
मागवावा लागला. अकरा दिवस.
बसवल्यावर वान्नसने सायकल उचलून उलटी धरली,
बाटली हूं की चूं नाही.

पहिल्या दिवशी दगडांवर माझे दात वाजले,
चष्मा नाकावरून ओठावर आला,
घंटीचं झाकण गेलं ते गेलंच.
बाटली जागची हलली नाही.
चढ संपला, चॅपेलपाशी पोचले,
जीभ टाळूला चिकटलेली,
आणि बाटली निघेना.
डाव्याने ओढली, सायकलच सोबत आली.
गुडघ्यात चाक धरून ओढली.
एव्हारिस्टने ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला,
दोन बोटांनी काढून दिली,
म्हणाला, "पाणी आहे की जिन?"

त्या रात्री पक्कड घेऊन बसले.
स्टील ऐकतं, हे त्याचं बरं.
केसभर वाकवलं, घातली, काढली.
अजून केसभर.
दुसऱ्या दिवशी दगड. तिसऱ्या दिवशी दगड.
हवा थंड असली की वेगळं माप,
बाटली अर्धी असली की वेगळं.
वान्नस म्हणतो, दुसराही बसव, जोडी दिसेल.
मी म्हणते, थांब, हा एकच अजून शिकतोय.

काल संध्याकाळी शेजारचा सेप्पे दारात.
हातात हिरवी बाटली, चिखलाने माखलेली.
"तुझ्या चरात होती. पिंपात टाकू?"
बघितलं तर माझीच.
पहिल्या दोनशे पावलांत?
"हो," म्हणाला, "पत्रपेटीच्या अलीकडे."

त्याला बिस्किट दिलं.
बाटली नळाखाली धरली.
पक्कड कुठे ठेवली होती?